बाहेर पडायचं झालं तर

उर्वशी फळ्यावर धोके लिहीत होती तेव्हा टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला. हिंदी मुलखाच्या सीमेवर असलेल्या पांढुर्ण्यातल्या त्या खासगी कॉलेजात शेवटच्या वर्षाला क्लाऊडचा एक पेपर होता. फायदे पाच गुणांना, धोके पाच गुणांना. मुलं हिंदीत लिहून घेत आणि परीक्षेत जसंच्या तसं उतरवत. आपली माहिती आपल्या इमारतीत राहत नाही. नेट गेलं की काम थांबतं. एकाच कंपनीच्या हाती सगळं जातं. एवढं लिहून होईस्तोवर फोन आणखी एकदा थरथरला, आणि पुढच्या मुद्द्याच्या मध्येच तिसऱ्यांदा. तिने वाक्य पुरं केलं. मार्च सुरू झाला होता, पंखा फिरत होता तरी वर्गात पत्र्याची धग उतरत होती, मागच्या बाकावरचा एक मुलगा उघड्या डोळ्यांनी झोपला होता. तिला त्याचा राग आला नाही. अलीकडे तिला कशाचाच राग येत नसे, आणि हे समजूतदारपणाचं लक्षण की नुसत्या थकव्याचं, याचा निकाल लावायचं तिने सोडून दिलं होतं. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तिने फोन सुलटा केला. एकाखाली एक तीन संदेश होते. प्रत्येकात सहा आकडे, वेगवेगळे, आणि खाली तीच सूचना, हा क्रमांक कोणालाही सांगू नका. प्रत्येकावर नाव होतं गुणवंता फ्रूट अँड कोल्ड स्टोरेज, सौंसर. ते नाव वाचताना तिच्या नाकात अमोनियाचा वास भरला, शीतगृहातल्या कोठीचं जाड दार उघडलं की यायचा तसा, आणि क्षणभर तिला खरोखर थंडी वाजली.

सासर सोडून तिला दोन वर्षं होत आली होती. सोडून हा शब्दही बरोबर नव्हता. ती आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पांढुर्ण्याला आली, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आईला नवा चष्मा लागला, आणि सौंसरहून कोणी घ्यायला आलं नाही. ये म्हणून कोणाचा फोन आला नाही, येऊ नको म्हणूनही नाही. तिनेही केला नाही. दिवस असे सरकत गेले की त्यातला कुठला दिवस तुटण्याचा होता ते तिला नंतर शोधूनही सापडलं नाही. मात्र सासरच्या त्या कंपनीचं सगळं कामकाज ज्या क्लाऊडवर चालत होतं, त्याचं मुख्य खातं तिने उघडलेलं होतं, तिच्या नावाचं होतं, आणि तिच्या मोबाइलला जोडलेलं होतं. ही गोष्ट तिकडे सगळे विसरले होते. ती विसरली नव्हती. रोज सकाळी ती चहा गाळत असताना फोनवर एक ओळ यायची: काल दिवसभराच्या कामाची प्रत सुरक्षित ठेवली आहे. यंत्राने पाठवलेली ओळ. ती बंद करता आली असती, एका बटणाचं काम होतं. तिने केली नाही. कोणत्या कोठीत कोणाचे संत्रे आहेत, किती कॅरेट आज गेले, किती बाया ग्रेडिंगला आल्या, यातलं काहीच त्या ओळीत नसायचं. नुसतं एवढंच, की कालचा दिवस तिकडे झाला आणि जपून ठेवला गेला. परवा सकाळी ती ओळ आली नव्हती. कालही नाही. आजही नाही. तिच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. तिने चहा गाळला होता, आईला दिला होता, आणि कोणालाही फोन केला नव्हता.

फोन वाजला तेव्हा नंबर तिने ओळखला. राजू, तिकडचा हिशेबनीस, तिच्या लग्नाच्या आधीपासून तिथे असलेला.

"वहिनी, राजू बोलून राहिलो. सौंसरवरून."

"बोल राजू."

"तुमच्या फोनवर एखादा नंबर आला का? सहा आकडी?"

"तीन आले."

"मंग शेवटचा सांगता का? पासवर्ड विसरलो असं दाबलं तं तो तुमच्याच फोनवर जाते. इथं काहीच उघडून नाही राहिलं. खातं स्थगित, एवढंच लिहून येते. कोणत्या कोठीत कोणाचा माल हाये तेच समजून नाही राहिलं वहिनी. गेटवर गाड्या लागल्या, शेतकरी येऊन बसले. आता तं खाली असं बी येते का आठवड्याभरात सारं मिटवून टाकू म्हणून."

"पैसे भरले गेले नसतील."

"गजेंद्रभाऊंनी दिवाळीत बँक बदलली ना. जुनं कार्ड बंद केलं. आता भरतो म्हटलं तं आतच जाऊ देत नाही."

"आधी सूचना येतात. दोन महिने येतात त्या."

"कुठं येतात?"

त्या सूचना तिच्या ऑफिसच्या मेलवर जात होत्या, आणि तो मेल उघडणारं त्या ऑफिसात कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मोठ्या दिरांचा, गजेंद्रभाऊजींचा, आवाज आला.

"उर्वशी, हे तू बंद करून ठेवलं का?"

"नाही, भाऊजी."

"मंग तुझ्या नावावर कसं काय हाये सारं? वकिलाले विचारलं मी. दुसऱ्याचा कारभार बंद पाडणं गुन्हा होते म्हणते तो. नंबर सांग."

"फोनवर नाही सांगत. मी उद्या येते."

हे आपण का म्हणालो ते तिला कळलं नाही. नंबर फोनवर सांगू नये हा नियम तिने गेल्याच आठवड्यात मुलांना लिहून दिला होता, पण ते कारण नव्हतं. चोर ठरवलेल्या माणसाने दुरून बोलू नये असं काहीतरी तिला वाटलं असावं. किंवा जायला एक निमित्त मिळालं असावं. दुसरी शक्यता तिने पुरती पाहिली नाही.

आईने रात्रीच्या पोळ्या लाटताना एवढंच विचारलं, "त्याहीनं बोलावलं का तू जाऊन राहिली?" उर्वशी म्हणाली, काम आहे. आई, विजयाबाई, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई, उत्तर अपुरं असलं की पुन्हा विचारत नसे, नुसती थांबायची. त्या थांबण्याला कंटाळून उर्वशी अंगणात गेली. तिला वकिलाचा शब्द आठवत राहिला. गुन्हा. तिने काही केलं नव्हतं हे खरं होतं. पण खात्याचा पासवर्ड तिला अजून पाठ होता, या दोन वर्षांत ती केव्हाही आत जाऊ शकली असती, सगळं पाहू शकली असती, पुसूही शकली असती. एकदा, गेल्या पोळ्याच्या सुमारास, कॉलेजच्या रिकाम्या लॅबमध्ये तिने नाव टाकलं होतं, पासवर्डाची अर्धी अक्षरं टाकली होती आणि मग पडद्यावरची खिडकी बंद केली होती. आणि परवापासून ती ओळ येत नव्हती तेव्हा तिला जे वाटलं ते काय होतं? काळजी होती, हे तिने मान्य केलं. पण काळजीच्या खाली आणखी काहीतरी बारीक होतं, गार, जवळजवळ सुखाचं. त्यांना कळू दे. ते तिने मनातही पुरतं उच्चारलं नव्हतं, पण होतं.

चार वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा ऑफिसात बोलावलं गेलं ते एका विजेमुळे. रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या सासरच्या पॅकिंग हाऊसमध्ये जिन्याखालच्या खोलीत कंपनीचा सर्व्हर होता, शेजारी तिखटाची पोती. मे महिन्यात एका संध्याकाळी गडगडाट झाला, कुठेतरी तारेवर वीज पडली, आणि सर्व्हर जळाला. त्याची दुसरी प्रत त्याच्याच डोक्यावर ठेवलेल्या डिस्कमध्ये होती, तीही जळाली. कोठ्यांमध्ये माल होता आणि कोणाचा कोणता हे सांगणारं काही उरलं नव्हतं. सासरे रामाजी शाल पांघरून दोन दिवस त्या बर्फासारख्या कोठ्यांत उभे राहिले होते, एकेका शेतकऱ्याला आत नेत होते, तो म्हणेल हा माझा तर त्याचा. भांडणं झाली, जुनी माणसं तुटली, रामाजींना निमोनिया झाला. बरे झाल्यावर त्यांनी जेवताना विचारलं, उर्वशी नागपूरले कॉम्प्युटरच शिकली ना? तिने महिनाभर खपून एक आराखडा केला. स्वतःचं यंत्र विकत घ्यायचं नाही, दर महिन्याला वापरापुरतं भाडं द्यायचं, माहिती दूरच्या मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर ठेवायची, हंगामात जास्त जागा घ्यायची, हंगाम सरला की सोडायची. ऑफिसात सगळे बसले होते. गजेंद्रभाऊजी म्हणाले, आपलं सारं परक्याच्या घरी ठेवाचं? ती म्हणाली, जिन्याखाली ठेवून पाहिलं ना. ते हसले नाहीत. रामाजींनी विचारलं, "अन उद्या त्याचं न आपलं नाही जमलं तं?" त्यासाठी तिने एक वेगळं पान केलं होतं. वर मथळा होता, बाहेर पडायचं झालं तर. दर महिन्याला एक पुरी प्रत आपल्याकडे, साध्या रूपात, कुठेही उघडेल अशी. कराराला मुदत किती, सोडताना सूचना किती आधी. आणि मुख्य खातं कधीही एका माणसाच्या हाती ठेवायचं नाही, दोघांच्या ठेवायचं. रामाजींनी ते पान हातात घेऊन दूर धरून वाचलं आणि म्हणाले, हे मले समजलं, करा.

दुसरं माणूस कुलदीप होता. ठरलंच होतं तसं, नवरा-बायको, एक ती आणि एक तो. तिने त्याला यंत्रातून निमंत्रण पाठवलं. ते आठवडाभर टिकायचं, तेवढ्यात त्याने एका ठिकाणी बोट लावून हो म्हणायचं होतं. तो म्हणाला, उद्या करतो. निमंत्रणाची मुदत सरली. तिने परत पाठवलं. त्या आठवड्यात माल चढवायची घाई होती. तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा तो पलंगावर आडवा पडून मॅच पाहत होता, आणि ती शेजारी बसून म्हणाली होती, आता कर ना, एक मिनिटाचं काम आहे. तो म्हणाला, तू आहेस ना, मंग मी काहून पाहिजे? त्याने ते प्रेमाने म्हटलं होतं. त्यावेळी तिला ते आवडलंही होतं. नंतर जेव्हा घरात ते दुसरं बोलणं सुरू झालं, की सासूबाईंची तब्येत बरी नसते आणि सून दिवसभर ऑफिसात, की बाहेरून एखादी मुलगी ठेवली तर हेच काम होईल, तेव्हा ती त्याच्याकडे पाहायची आणि तो ताटाकडे. त्याने कधी तिच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. बाजूनेही काढला नाही. एक दिवस गजेंद्रभाऊजींनी ऑफिसात स्नेहाला आणून बसवलं, कोठीतली यंत्रं सांभाळणाऱ्या देवीदासची मुलगी, नुकतीच बीसीए झालेली, घाबरलेली. उर्वशीने तिला सगळं शिकवलं, तक्रार न करता. मुख्य खातं तेवढं कोणी मागितलं नाही, कारण ते आहे हेच कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. आणि महिन्याभरात आईचं ऑपरेशन आलं.

सकाळच्या बसमध्ये ती उजवीकडच्या खिडकीशी बसली. बागांमधून तोड चालू होती, झाडांखाली केशरी ढीग, टेम्पोला लावलेल्या शिड्या. ओळखीची वळणं येत गेली. तिला नुसती झोप येत होती. सौंसरच्या स्टँडवर उतरून तिने ऑटो केला आणि पॅकिंग हाऊसच्या गेटवर पोचली तेव्हा तिथे खरंच ट्रक लागलेले होते, सावलीत शेतकरी बसलेले होते, कोणी तंबाखू मळत होतं. एकाने तिला ओळखलं. "धाकली सून आली," तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि मग सगळेच बघायला लागले. ती मान खाली न घालता आत गेली, पण पायांत चपला फार मोठ्या झाल्यासारखं वाटत राहिलं.

ऑफिसात चौघं होते. रामाजी खिडकीपाशी, आता हातात काठी आलेली. राजू. दारापाशी स्नेहा, भिंतीला टेकून. आणि टेबलाच्या पलीकडे गजेंद्रभाऊजी. तिने वाकून सासऱ्यांना नमस्कार केला, ते म्हणाले, "बस पोरी, पाणी घे." कुलदीप नंतर आत आला, कोठीतून आला असावा, स्वेटर घातलेला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लागला होता हे तिला माहीत नव्हतं.

"कुलदीप बसंल मशीनवर," गजेंद्रभाऊजी म्हणाले. "तू फक्त नंबर सांग."

"आधी पासवर्ड लागेल."

"तो बी त्याले सांग."

"तो मी टाकते," ती म्हणाली, आणि कोणी काही म्हणायच्या आत कुलदीपच्या खांद्यावरून वाकून तिने अक्षरं टाकली. एटीएमजवळ अनोळखी माणूस फिरवतो तशी त्याने मान दुसरीकडे फिरवली. त्याच्या स्वेटरला अमोनियाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास होता. मग ती सरळ झाली, आणि तिच्या हातातल्या फोनवर सहा आकडे आले.

"चार," ती म्हणाली.

"चार."

"शून्य. सात."

"सात," तो म्हणाला. एका बोटाने शोधून शोधून दाबत होता. "पुढं?"

"सहा. सहा. दोन."

"एकच सहा?"

"दोनदा."

तोवर त्याने चुकीचा दाबला होता, तो पुसायला गेला तर सगळेच पुसले गेले, आणि पडद्यावर आलं, वेळ संपली. "थांब, गेला," तो म्हणाला. गजेंद्रभाऊजींनी श्वास सोडला. तिने सांगितलं, पुन्हा मागव, तिथं खाली आहे. त्याने मागवला. फोन थरथरला. "हळू सांग," तो म्हणाला, तिच्याकडे न पाहता, आणि तिच्या लक्षात आलं की दोन वर्षांत त्यांचं हे पहिलं बोलणं होतं. भांडण उकरून काढण्याची, रडण्याची, कोरडेपणाने वागण्याची अशी किती तरी बोलणी तिने मनात तयार करून ठेवली होती, आईकडच्या अंगणात, फळ्यासमोर, आंघोळीच्या वेळी. त्यांतलं एकही आता जवळपास नव्हतं. "आठ," ती म्हणाली, आणि तो "आठ" म्हणेपर्यंत थांबली. "एक." "एक." "नऊ." तो प्रत्येक आकडा तिच्यामागून म्हणत होता, सावकाश, जसं कोणी नवं नाव पाठ करतं, आणि ती थांबत होती, आणि खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता. शेवटचा आकडा त्याने दाबला आणि पडदा उघडला.

पैसे भरायला दोन मिनिटं लागली. मग कोठ्या एकामागून एक दिसायला लागल्या, नावं, गावं, कॅरेट. राजू पुढे वाकून वाचत राहिला. "हाये," तो म्हणाला, "सारं हाये वहिनी." बाहेर कोणीतरी ट्रकवाल्याला हाक दिली. रामाजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"हे दोघांच्या हाती ठेवाचं ठरलं होतं ना आपलं?" त्यांनी विचारलं.

"हो मामाजी. दुसरं नाव लागायचं राहून गेलं."

कुलदीपने चष्मा काढून पुसायला घेतला.

"आता माझं नाव टाक," गजेंद्रभाऊजी म्हणाले. "अन कुलदीपचं."

"एक तुमचं टाकते. दुसरं स्नेहाचं टाका. रोज तीच उघडते, तीच बंद करते."

"उद्या ती नोकरी सोडून गेली तं? असं घरच्या माणसाजवळ पाहिजे."

"घरच्या माणसाजवळच होतं, भाऊजी."

तिने ते चढ्या आवाजात म्हटलं नाही. तशी ताकदच नव्हती. तरी कोठीच्या यंत्रांची घरघर एकदम ऐकू यायला लागली. राजू पडद्याकडे पाहत राहिला. मग रामाजी म्हणाले, "देवीदासच्या पोरीचं टाक," आणि ते तसंच झालं. स्नेहाने आपला नंबर सांगितला, निमंत्रण आलं, तिने तिथल्या तिथे हो म्हटलं. उर्वशीने तिला समजावलं, सूचना आता दोघांच्या मेलवर येतील, रोज उघडायचा, महिन्याची प्रत चुकवायची नाही. स्नेहा मान हलवत होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, अन मी खरंच सोडलं तं?"

"सोडायच्या आधी दुसऱ्याचं नाव टाक. कोणी सांगितलं नाही तरी."

आपलं नाव काढायला तिला काहीच वेळ लागला नाही. यंत्राने विचारलं, नक्की? तिने हो दाबलं. तिला वाटलं होतं त्याहून ते फार हलकं होतं. गजेंद्रभाऊजी कालच्या वकिलाबद्दल काही बोलले नाहीत. बाहेर जाता जाता दारात थांबून म्हणाले, "जेवून जा." ती म्हणाली, बस आहे. रामाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि ये म्हणाले नाहीत. त्यांना तसं म्हणायचा अधिकार उरला नसावा, किंवा विचारल्यावर ती काय म्हणेल याची भीती वाटली असावी. आपण काय म्हणालो असतो, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

कुलदीप तिला मोटरसायकलवर स्टँडवर सोडायला आला. ती एका बाजूला पाय करून बसली, हात मागच्या दांडीला धरून. वाटेत तो एकदाच बोलला, आईचे डोळे कसे आहेत. ती म्हणाली, बरे आहेत, पेपर वाचते. स्टँडवर उन्हाचा कडाका होता. पांढुर्ण्याची बस अजून लागली नव्हती. तो गाडीला टेकून उभा राहिला, गेला नाही.

"नंबर तोच ठेवला तू," तो म्हणाला.

"हो."

"मले वाटलं बदलला असशीन."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. सगळ्यात वाईट ते होतं. त्याला खरंच वाटलं होतं, पहिल्या आठवड्यात कधीतरी वाटलं असेल, आणि मग त्या वाटण्याच्या आडोशाला तो दोन वर्षं निवांत बसून राहिला. लावून पाहिला असता तर एका मिनिटात कळलं असतं. तिच्याकडेही त्याचा नंबर होताच की. "नाही बदलला," ती म्हणाली. तो मान हलवत राहिला, जशी एखादी अवघड गोष्ट आता कुठे समजावी. बस लागली. त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण ती तिच्या खांद्यावर होती आणि जड नव्हती.

तिला खिडकी मिळाली नाही. शेजारच्या बाईने मांडीवरची टोपली आवरून घेतली. बस सुरू झाली तशी माणसांच्या डोक्यांमधून तिला तो थोडासा दिसला, मग दिसेनासा झाला. कंडक्टर मागून येत आला. "कहाँ?"

"पांढुर्णा."

"कितने?"

"एक," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, तो कान पुढे करून वाकला. तेव्हा तिने पुन्हा, सावकाश सांगितलं, "एक."